सुईखालचा सीबेक: नमुना परत येऊ नये म्हणून अर्ज भरताना

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पातळ थर बनवणाऱ्यांना तोटा नाही. बाथमध्ये काच बुडवून थर चढवणं इथल्या पोरांच्या हातचं काम. पण गरम प्रोब, म्हणजे तापवलेली बारीक सुई, टेकवून त्या थराचे थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेतून वीज तयार होण्याचे) गुणधर्म जागोजागी मोजायचे म्हटलं की बाहेरगावच्या केंद्राकडे अर्ज जातो, आणि बऱ्याचदा तसाच परत येतो.

पात्रतेत अवघड काही नाही. संशोधक विद्यार्थी असाल तर ओळखपत्र आणि गाईडच्या सहीचं पत्र लागतं. उपकरण आय-स्टेम पोर्टलवर (देशभरातल्या संशोधन उपकरणांच्या सरकारी संकेतस्थळावर) असेल तर आधी तिथं नोंदणी करा.

अर्ज अडतो तो ‘मोजणीचं कारण’ या रकान्यात. तिथं नुसतं ‘सीबेक गुणांक काढणे’ लिहू नका. (सीबेक गुणांक म्हणजे तापमानात एका केल्विनचा फरक पडला की किती व्होल्टेज तयार होतं, तो आकडा.) अख्ख्या नमुन्याचा एकच आकडा हवा असेल तर दोन टोकांत तापमानाचा फरक ठेवणारा साधा सेटअप पुरतो. जागा बदलली की गुणांक बदलतो का, हे पाहायचं असेल तरच सुई लागते. म्हणून थरातल्या स्फटिकांच्या दाण्यांच्या सीमा, मिसळलेल्या फेज (वेगळ्या रचनेचे भाग), डोपिंगचा (मुद्दाम घातलेल्या भेसळीचा) चढउतार यांपैकी काय शोधताय ते स्पष्ट लिहा. 2004 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पी-एन जंक्शनवर (दोन प्रकारच्या डोपिंगचे भाग जिथं भेटतात त्या सीमेवर) ही मोजणी नॅनोमीटरच्या पातळीवर झाली. तुम्हाला किती बारकावा हवा, तेही सांगा.

मग येतो एमएसडीएस, म्हणजे रसायन कितपत धोकादायक आहे ते सांगणारं सुरक्षा पत्रक. स्वतः बनवलेल्या नमुन्याचा एमएसडीएस कुणाकडे असणार? फॉर्म करणाऱ्याला हे सुचलं नसावं! रकाना मात्र रिकामा सोडू नका. वापरलेल्या रसायनांचे एमएसडीएस जोडा आणि नमुन्याचं रासायनिक सूत्र, वजन, टेल्युरियम किंवा शिसं आहे का, हे एका पानावर लिहून गाईडची सही घ्या.

आता नमुना. स्टीलवर चढवलेला थर फार पातळ असेल तर उष्णता थेट स्टीलमध्ये उतरते आणि व्होल्टेजमध्ये स्टीलचाही वाटा मिसळतो. काच घेतलीत तर दुसरा इलेक्ट्रोड (पहिला म्हणजे सुई) थरावरच, कडेला, चांदीच्या पेस्टनं लावा. एकानं पेस्ट काचेच्या पाठीला फासली होती. विचारलं तर म्हणाला, “सर, लावलीय की!” काचेतून वीज कशी जाणार, बाबा? पृष्ठभाग खडबडीत असेल तर टेकण्याची जागा सतत बदलते आणि आकडे नाचतात.

‘अंतिम तारीख’ नीट वाचा. ती ऑनलाइन फॉर्मची आहे की नमुना पोचण्याची, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. पावसाळ्यात इथून कुरिअर करताना हवाबंद डबीत सिलिका जेल टाका, नाहीतर वाटेतच ऑक्साइड चढायचा.

सोबत कॉन्स्टंटनचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) गुळगुळीत तुकडा द्या. त्याचा सीबेक गुणांक सुमारे −40 मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन. सुईचं तापमान आणि ती टेकते त्या जागेचं तापमान सारखं नसतं, त्यामुळे ताडून पाहायला हा तुकडा लागतो. डबीवर ‘संदर्भ’ असं लिहा, नाहीतर तोच तुमचा नमुना म्हणून मोजला जाईल.