छिंगमिंग : चूलबंदीचा सण आणि त्याचे हरवलेले नाव

छिंगमिंग या पूर्वजांची थडगी झाडण्याच्या सणाला 'चिनी पितृपक्ष' म्हणून मोकळे होण्याचा मोह टाळलेला बरा. पितृपक्ष तिथीने येतो. छिंगमिंग आपल्या संक्रांतीसारखा सूर्याच्या हिशेबाने. वर्षाच्या २४ सौर टप्प्यांपैकी हा एक, वसंतसंपातानंतर पंधरवड्याने, ५ एप्रिलच्या आसपास येणारा. नावाचा अर्थ 'स्वच्छ, उजळ' एवढाच. ते हवेचे वर्णन आहे, त्यात पितर कुठेच नाहीत. पितर आले शेजारच्या हानशी या सणातून.

हानशी म्हणजे थंड अन्न. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून १०५ वा दिवस, म्हणजे छिंगमिंगच्या एक-दोन दिवस आधी. चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे खायचे. शीतळा सप्तमी पाळणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. ही चूलबंदी ज्याच्या स्मरणार्थ पाळतात, त्या डोंगराला लावलेल्या आगीत जळून मेलेल्या स्वामिनिष्ठ सेवकाची कथा चीनमध्ये सर्वश्रुत आहे. कमी सांगितले जाते ते असे, की जुन्या नोंदींत शान्सी भागातली ही चूलबंदी ऐन हिवाळ्यात महिनाभर चाले आणि म्हातारेकोतारे, पोरेबाळे तिने दगावत. माणसे मारणे ही सज्जनाची इच्छा असूच शकत नाही, असे पत्र एका अधिकाऱ्याने त्या सेवकाच्याच देवळात ठेवले आणि लोकांना गरम खायला सांगितले. पुढे एका सेनापतीने तर प्रथेवर बंदीच घातली : पाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला सहा महिने शिक्षा, तिथल्या अधिकाऱ्याचा महिन्याचा पगार कापायचा. प्रथा मेली नाही.

खरा निर्णय थांग राजघराण्याच्या काळातला, आणि माझ्या मते सणाचा सगळा इतिहास त्यातच आहे. हानशीला थडग्यांवर जायचे आणि तिथेच मजा करायची, चेहऱ्यावर दुःखाची रेषा नाही, अशी तक्रार करत ६६२ मध्ये दरबाराने मनाई केली. सत्तर वर्षांनी, ७३२ मध्ये, नेमके उलटे फर्मान निघाले. धर्मग्रंथांत याला आधार नाही, हे त्यात कबूल केले आहे. पण लोकांत रूढ झाले आहे, आणि ज्यांना पितरांचे देऊळ बांधण्याचा अधिकारच नाही त्यांनी आपली भक्ती दाखवायची कुठे? तेव्हा जा, थडगी झाडा. फक्त गाणेबजावणे नको आणि उरलेला नैवेद्य दुसरीकडे जाऊन खा. पूर्वजपूजा वाड्यांतून माळावर आली ती इथे रीतसर. ७३६ मध्ये दोन्ही सणांची मिळून चार दिवस सुटी ठरली, ७९० पर्यंत ती सातवर गेली. सुटी एकत्र झाल्यावर नावे किती दिवस वेगळी राहणार! बाय च्यूयीच्या कवितेत 'छिंगमिंग-हानशी' एकाच ओळीत येतात : माळावर कुणाच्या तरी घरचे रडणे, वाऱ्यावर उडणारे, पितरांसाठीचे कागदी पैसे.

रिमझिम पाऊस, खचलेला वाटसरू आणि दारूचा गुत्ता कुठे विचारताच जर्दाळूच्या फुलांच्या गावाकडे बोट दाखवणारा गुराखी, ही शाळकरी मुलांना पाठ असलेली कविता दू मूची मानली जाते. भाच्याने जमवलेल्या त्याच्या संग्रहात ती नाही. तरी ते गाव आपलेच, असा दावा शान्सी आणि आन्ह्वी अशा दोन प्रांतांतून होतो. १०८२ मध्ये हद्दपारीत असलेल्या सू शी या कवीला तर सणाची आठवणही नव्हती. मोडक्या चुलीत ओला बोरू जाळत असताना कावळ्यांच्या चोचीत कागद दिसला, तेव्हा आज हानशी हे कळले.

हानशी पुढे विरत गेला. त्याचे थडगी झाडणे छिंगमिंगने घेतले. पतंग, झोके, दाराला विलोची डहाळी, दक्षिणेकडचे हिरव्या रसात मळलेले तांदळाचे गोळे हेही आता त्याच्याच नावावर. १९७६ मध्ये बीजिंगच्या मुख्य चौकात दिवंगत पंतप्रधान चौ एनलाय यांच्यासाठी लोकांनी फुलांची चक्रे आणि हस्तलिखित कविता आणल्या. चक्रे रातोरात उचलली गेली आणि ५ एप्रिलला चकमक झाली. शोकाचा सण सत्तेला गैरसोयीचा ठरण्याची ती पहिली वेळ नव्हती. २००८ पासून मात्र सरकारी सुटी आहे, मे महिन्याची लांब सुटी कापून दिलेली.

आता वाद पितरांना पोचावेत म्हणून कागदी पैसे जाळण्याचा. धूर आणि वणवे यांचे कारण देऊन अनेक शहरांत त्यावर बंदी आहे. फुले वाहा, नाहीतर ऑनलाइन नमस्कार करा, असे सांगितले जाते. थांग काळातही हानशीला विस्तव बंद असल्याने कागदी पैसे जाळता येत नसत, म्हणून तर ते बाय च्यूयीच्या माळावर उडत होते. तीन दिवस आग नाही, मग हे पैसे पाताळात पोचायचे कसे, असा प्रश्न त्याच्याच एका समकालीन कवीने तेव्हा विचारला होता.