सुरक्षाप्रचार आणि वयप्रतिमा (मुंबई)

पोलीस, रेल्वे व शासन यांच्या सावधगिरीच्या सूचनांतून तारुण्य व वार्धक्य यांविषयी समाजात रुजणाऱ्या कल्पना. मुंबईत या प्रचारात तरुण बहुधा संशयित म्हणून येतो, वृद्ध सावज म्हणून.

तरुणाच्या प्रतिमेमागे ‘मवाली’ हा जुना शब्द उभा आहे. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. अरबी ‘मौला’चे अनेकवचन ‘मवाली’ (आश्रित, अंकित) हे मूळ अधिक ग्राह्य वाटते. ‘मावळ’शी संबंध जोडावा, तर आद्य स्वराची ऱ्हस्वता आणि ळ–ल हा भेद आड येतो. आश्रित, रिकामटेकडा, गुंड असा अर्थ क्रमाने घसरत गेला असावा. मूळ अर्थात वयाचा निर्देश नाही. नाक्यावरच्या पोरांना उद्देशून झालेल्या शहरी वापरात तो मागाहून चिकटला असावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचे नाव मुंबई पोलीस अधिनियम) मधील तडीपारीची कलमेही (५५ ते ५७) टोळी, वर्तन व पूर्वीची शिक्षा पाहतात, वय नाही. तरी ‘तडीपार’ म्हटले की डोळ्यांपुढे विशीतलाच येतो.

वार्धक्याची सीमा मात्र कायद्यानेच आखली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या अधिनियमाने ती ६० वर्षे ठरवली. त्याखालील नियमांनुसार पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते. यादीमागचा हेतू संरक्षणाचा. पण ‘एकटा’ आणि ‘असहाय’ हे शब्द तिथूनच समानार्थी झाले, असे म्हणण्यास जागा आहे. मे २०२० मध्ये करोनाच्या काळात राज्य शासनाने ६५ वर्षांवरील कलावंतांना चित्रीकरणस्थळी मज्जाव केला. ती अट मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द ठरवली.

लोकलमधील बेवारस वस्तूंविषयीची उद्घोषणा याला अपवाद. ११ जुलै २००६ च्या स्फोटांनंतर तिचे गांभीर्य वाढले, पण ती सर्व प्रवाशांना एकाच सुरात सावध करते.

अलीकडे ‘डिजिटल अरेस्ट’विरोधी (पोलीस असल्याचे भासवून, फोनवरूनच ‘अटक’ केल्याचे सांगत पैसे उकळण्याच्या प्रकाराविरोधी) प्रचारात निवृत्त माणूस फसणारा व तरुण ठग ही जोडी ठळक दिसते. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. या फसवणुकीत वापरला जातो तो पोलिसी दरारा. त्यामुळे वृद्ध फसतो तो विसराळूपणापेक्षा वर्दीवरच्या विश्वासापायी, हे मत अधिक पटणारे आहे. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे वयाची अट नाही.