पाठीवरचा डबा ते मोकळं अंग : मुलांच्या पोहण्याच्या शिकवणीची पार्श्वभूमी

मे महिन्यात मुंबईच्या सार्वजनिक जलतरण तलावांवर २१ दिवसांचे वर्ग भरतात. भिंत धरून पाय मारणं, मग तरंगता बोर्ड हातात घेऊन पाय, मग हात आणि सगळ्यात शेवटी श्वास, हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. खेळातून शिकवणारे तो उलटा करतात. श्वास आधी, मग तरंगणं, मग वळून भिंत गाठणं, आणि हातपाय शेवटी. या उलट्या क्रमामागे मोठा वाद आहे.

गावाकडची रीत सर्वांना ठाऊक आहे: पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर झाकण बंद केलेला पत्र्याचा डबा, आणि वरून विहिरीत ढकलणारा काका. मुंबईत ती रीत लवकर मोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे कळल्यावर शहरातल्या विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम झाली. धोबी तलाव, गवालिया टँक ही नावं उरली, पाणी उरलं नाही. पोहणं बांधीव तलावात, फी भरून, बॅचमध्ये शिकायची गोष्ट झाली. शिकवणारे बहुतेक शर्यतीतून आलेले होते. ज्या शहरात समुद्रातल्या संक रॉक दीपस्तंभापासून गेटवेपर्यंत पोहून येणाऱ्याचं कौतुक होतं, तिथे शिकवणीचं माप अंतर आणि वेग हेच ठरणार होतं. आधी हातपाय आणि शेवटी श्वास, ही सवय इथूनच आली असावी.

युरोपातही एकोणिसाव्या शतकात मुलांना जमिनीवर कवायत देऊन, मग काठीला बांधलेल्या दोरीने पाण्यात लोंबतं धरून शिकवत. खरा बदल १९४९ मध्ये लंडनमध्ये अपंग मुलींच्या एका शाळेत सुरू झाला. द्रवांच्या गतीचं शास्त्र जाणणाऱ्या एका अभियंत्याने तिथे दोन गोष्टी ठरवल्या: मुलीच्या अंगावर तरंगणारं काहीही बांधायचं नाही, आणि प्रत्येक मुलीमागे पाण्यात एक माणूस उभा करायचा. त्यातून पुढे दहा टप्पे तयार झाले. सुरुवात पाण्याची सवय आणि तोंडाने हवा सोडण्यापासून, मग अंग फिरवणं आणि थांबवणं. हात मारणं अगदी शेवटच्या टप्प्यात. हे सगळं गोल करून, गाणी म्हणत, खेळात चालायचं, कारण घाबरलेलं अंग ताठ होतं आणि ताठ अंगाला तोल सापडत नाही.

पहिल्या निर्णयावर, म्हणजे काही बांधायचं की नाही यावर, आजही तलावाच्या काठावर एकमत नाही.

छाती हवेने भरलेली असली की शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. पण पाण्याचा उचलणारा जोर छातीपाशी असतो आणि वजनाचा मध्य त्याच्या खाली, कमरेकडे. त्यामुळे पाय खाली ओढले जातात. हात कानांच्या मागे लांब केले की वजन डोक्याकडे सरकतं आणि पाय वर येतात. मुलाने हे स्वतःच्या अंगात अनुभवायला हवं. दंडावरचे हवेचे आर्मबँड नेमकं तेच होऊ देत नाहीत. ते खांदे उचलून धरतात, अंग उभं राहतं, हनुवटी वर आणि पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात. बुडणाऱ्याचं अंगही असंच उभं असतं. वर मूल हेही शिकतं की उडी मारली की आपण आपोआप वर येतो. एखाद्या दिवशी आर्मबँड काढलेले असताना ते त्याच भरवशावर उडी मारतं.

पाठीवरच्या डब्याची बाजू यापेक्षा बरी होती. अंग पालथं, आडवं राही, हात मोकळे राहत, आणि दर काही दिवसांनी भोपळा लहान करत नेता येई. पण दमून थांबलेल्या मुलाला डबा पाठीकडून वर ओढतो, तोंड पाण्यात जातं आणि उताणं होता येत नाही. दोरी सैल होऊन डबा कमरेवर घसरला तर डोकंच खाली जातं.

न बांधणाऱ्यांची अडचणही खरी आहे: एका मुलामागे एक माणूस कुठून आणायचा? उन्हाळी बॅचमध्ये एका प्रशिक्षकासमोर मुलांची रांग असते. तो फ्लोट बांधतो तो संख्येमुळे, अज्ञानामुळे नव्हे. तरीही आर्मबँड हा त्यावरचा उपाय नाही. पाणी मुलाच्या छातीइतकंच ठेवावं, जोड्या लावाव्यात, आणि आधार हवाच असेल तर हातात धरायचा नूडल, म्हणजे फोमची लांब तरंगती कांडी, द्यावा, म्हणजे तो केव्हाही सोडता येतो.

खेळांचा क्रमही याच विचारातून येतो. टेबलटेनिसचा चेंडू फुंकत पुढे न्यायचा, मग तोंड पाण्यात घालून नाकाने गुणगुणायचं, म्हणजे नाकात पाणी शिरत नाही. छातीभर पाण्यात तळाची रिंग उचलायला लावली की मुलाला कळतं, खाली जायलाच जोर लागतो. उताणं तरंगताना बहुतेक मुलं पोट बघायला डोकं उचलतात, कंबर दुमडते आणि ती पाण्यात बसतात. त्यावर 'पोट वर कर' असं ओरडण्यापेक्षा कान पाण्यात ठेवून आकाशातल्या घारी मोजायला सांगणं जास्त उपयोगी पडतं. काठावरून प्रत्येक उडीनंतर वळून काठ धरायचाच, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

एक खेळ मात्र बंदच हवा: कोण जास्त वेळ श्वास रोखतो. त्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची निकड जाणवत नाही, आणि प्राणवायू संपून मूल पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध पडतं.

वयाचा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत पालटला. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचं मत होतं की चौथ्या वाढदिवसाआधी मूल रीतसर शिकण्याइतकं तयार नसतं. २००९ च्या एका अभ्यासात १ ते ४ वर्षांच्या, पोहण्याचे धडे घेतलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला. नमुना लहान होता, तरी २०१० मध्ये या तज्ज्ञांची भूमिका सैल झाली आणि २०१९ मध्ये पहिल्या वाढदिवसानंतर धडे उपयोगी ठरू शकतात असं म्हटलं गेलं. त्याच वेळी हेही स्पष्ट केलं गेलं की धडे घेतलेल्या लहानग्याजवळही मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. पाण्यात धडपडणारं मूल हाक मारत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात ते जेमतेम श्वास घेतं, आणि ही धडपड साधारण २० ते ६० सेकंदच टिकते.

२०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस आहे. मुंबईत ही तारीख ऐन पावसाळ्यात येते. तेव्हा अक्सा, जुहूच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी ओढ घेतं आणि खदानी, बांधकामाचे खड्डे भरलेले असतात. शिवाय पाणी ठराविक वेळीच येत असल्याने घरोघरी पिंप, ड्रम आणि बादल्या भरलेल्या असतात. चालायला लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. बादलीत वाकून तोल गेला की त्याला स्वतःला वर काढता येत नाही. इथे पोहण्याचा धडा कामाचा नाही. कडी असलेलं झाकण हवं, आणि सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला कुलूप हवं.

चांगल्या वर्गात आता शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी घेतात. एक, शाळेच्या कपड्यांत उथळ पाण्यात उतरून उताणं तरंगणं, कारण अपघात अनेकदा पोहण्याच्या कपड्यांत होत नाहीत. दुसरी, मित्र बुडताना पाण्यात उडी न टाकता काठावर पालथं पडून ओढणी किंवा काठी पुढे करणं, नाहीतर बूच लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन फेकणं आणि मोठ्यांना हाक मारणं. मोठ्यांसाठी वेगळा धडा लागतो. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत शिरतं. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावलेला असावा.