पेडेरस फ्युसिपेस

स्टॅफिलिनिडी कुळातील एक लहान भुंगेरा. युरोपपासून भारत, चीन, जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. जॉन कर्टिस या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये त्याचे वर्णन केले. लांबी साधारण ७ मिमी. डोके व पोटाचे टोक काळे, बाकी अंग नारिंगी आणि मध्ये निळसर-हिरवे पंखकवच. हे कवच इतके आखूड असते की पोट उघडेच राहते. त्यामुळे पाहणाऱ्याला तो मुंगळाच वाटतो. उडायचे पंख कवचाखाली घडी करून ठेवलेले असतात.

ओलसर जमीन, पाणथळी आणि भातखाचरे ही त्याची ठिकाणे. भातावरचे तुडतुडे, पाने गुंडाळणाऱ्या अळ्या आणि किडींची अंडी तो खातो. शहापूर-मुरबाडकडे भात लावणाऱ्यांसाठी असा कीटक खरा मित्र आहे, आणि त्याची ही बाजू अधिक सांगितली गेली पाहिजे. शहरात तो ओळखला जातो तो त्वचेच्या त्रासामुळे. रात्री तो दिव्याकडे ओढला जातो. ठाणे आणि नवी मुंबईत खाडीकाठच्या पाणथळींना व उरल्यासुरल्या शेतांना खेटून इमारती उभ्या आहेत. पावसाळ्यात उघड्या खिडकीतली ट्यूबलाइट त्याला घरात बोलावते.

तो चावत नाही, त्याला नांगीही नसते. विष असते त्याच्या अंगातील द्रवात. पेडेरिन नावाचे हे द्रव्य भुंगेरा स्वतः बनवत नाही. मुख्यतः मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते तयार करतात. मादीकडून ते अंड्यांत उतरते आणि त्यातून निघणाऱ्या अळ्यांचे कोळ्यांपासून रक्षण करते. पेडेरिन पेशींमधील प्रथिननिर्मिती थांबवते. म्हणून झोपेत मानेवर हा कीटक चिरडला गेला, तरी लगेच काहीच कळत नाही. दिवस-दोन दिवसांत लाल पट्टा उठतो, आग होते, पाण्याचे फोड येतात. कोपराच्या घडीत लागले तर समोरासमोरच्या त्वचेवर जुळे चट्टे उमटतात.

हे फोड पाहून ‘नागीण उठली’ असे समजून घरी लेप लावले जातात. नागीण हा विषाणूचा आजार आहे. दोन्हींचे उपचार वेगळे, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे बरे. कीटक अंगावर दिसल्यास चिरडू नये, फुंकरीने किंवा कागदाने दूर करावा. चिरडला गेलाच तर ती जागा साबण-पाण्याने ताबडतोब धुवावी आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. बहुतेकांचे फोड दोन-तीन आठवड्यांत सुकतात. काळपट डाग मात्र त्यानंतरही काही काळ राहतो.