किल्ली हातात घेण्याआधीचा निर्णय

मद्य घेतलेल्या माणसाला ‘गाडी नीट चालवता येईल ना?’ असे विचारले, तर तो बहुधा होकार देतो. तो खोटे बोलत असतो असे नाही, त्याला खरोखरच तसे वाटत असते. आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत आहोत की नाही, हे ज्या विचारशक्तीने ठरवायचे, तिच्यावरच मद्याचा परिणाम अगदी सुरुवातीपासून होऊ लागतो. तराजूचे पारडे कललेले आहे की नाही, हे त्याच तराजूवर वजन करून तपासावे, तसा हा प्रकार आहे. नव्याने गाडी चालवू लागलेल्या तरुणांनी नशा, झोप आणि औषधे यांच्याविषयी सर्वांत आधी ही गोष्ट समजून घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मद्यातील अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात उतरते. पोट रिकामे असेल तर ते भराभर चढते, जेवण झालेले असेल तर सावकाश. त्याचा रेणू लहान असतो आणि पाण्यात सहज मिसळतो, त्यामुळे काही मिनिटांतच तो मेंदूपर्यंत पोचतो. तेथे चेतापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव अल्कोहोलमुळे वाढतो आणि त्यांना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव कमी होतो. बोलताना जीभ अडखळणे किंवा चालताना तोल जाणे ही पुढची लक्षणे होत. त्यांच्या बऱ्याच आधी, अगदी थोड्या प्रमाणातही, लक्ष एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवण्याची क्षमता घटू लागते. समोरचा रस्ता, आरशात दिसणारे वाहन, कडेने चालणारा माणूस आणि स्वतःचा वेग या सर्वांवर एकदम नजर ठेवणे, हेच तर गाडी चालवणे असते. त्यामुळे ज्याचा आवाज स्थिर आहे आणि पाय डगमगत नाहीत, तो गाडी चालवण्यास योग्य आहे असे मानता येत नाही.

‘आता उतरली आहे’ हे वाक्य याहूनही फसवे आहे. एडवर्ड मेलन्बी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण वाढत असताना नशा जितकी जाणवते, तितकी ते प्रमाण घटत असताना, पातळी तीच असली तरी, जाणवत नाही. माणसांमध्येही हा परिणाम आढळतो. उतरतीच्या काळात माणसाला बरे वाटू लागते, गाडी काढण्याची त्याची तयारी वाढते, पण गाडीवरचा ताबा आणि आवेग आवरण्याची शक्ती मात्र तेवढी सावरलेली नसते. शिवाय यकृत अल्कोहोलचे विघटन जवळजवळ ठरावीक गतीनेच करते. १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला सरासरी सुमारे १५ मिलिग्रॅम, असा तो वेग आहे. कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ किंवा मोकळी हवा यांनी तो वाढत नाही. मध्यरात्री हे प्रमाण १५० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सात वाजताही सुमारे ४५ मिलिग्रॅम अल्कोहोल रक्तात शिल्लक असते. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० आणि तरुण वा नवशिक्या चालकांसाठी २० मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा सुचवते. म्हणजे रात्रभर झोप घेऊन उठलेला तरुणही त्याच्यासाठीच्या २० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या दुपटीहून वर असू शकतो.

प्रतिसादाला होणारा विलंब किती महाग पडतो, हे साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यानंतर ती साधारण २० मीटरमध्ये थांबते. समजा, एक सावध चालक अडथळ्याच्या अगदी अलीकडे गाडी थांबवू शकला. त्याच जागी दुसऱ्या चालकाला ब्रेक दाबायला केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तर त्याला सुमारे ८ मीटर कमी पडतात आणि त्याची गाडी ताशी जवळजवळ ४० किलोमीटर वेगाने त्या अडथळ्यावर आदळते. कारण ब्रेक लागलेल्या गाडीचा बराचसा वेग अखेरच्या काही मीटरमध्येच कमी होत असतो. अडथळ्याच्या जागी रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर अर्ध्या सेकंदाचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको.

मद्याला स्पर्शही न करणाऱ्याने स्वतःला या चर्चेतून वगळू नये. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग १७ तास जागे राहिलेल्यांची हात आणि डोळे यांचा मेळ साधण्याची कामगिरी, रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असणाऱ्यांइतकी खालावलेली आढळली. सकाळी सहाला उठलेला विद्यार्थी रात्री अकराला गाडी काढतो, तेव्हा तो याच अवस्थेत असतो. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा येते, पण सकाळ मात्र इतरांच्या वेळेनुसार उजाडते. त्यामुळे या वयात झोपेची थकबाकी साचत जाते. अशा वेळी काही क्षणांची डुलकी लागते आणि अनेकदा ती लागल्याचे चालकाच्या ध्यानातही येत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर अंतर चालकाविना कापणे होय. कॉफीतील कॅफिन झोपेची जाणीव देणाऱ्या ॲडेनोसिनला काही काळ रोखते, मात्र त्याचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास जातो आणि झोपेची गरज त्याने भागत नाही.

सर्दी किंवा ॲलर्जीवरील काही जुन्या पिढीची औषधेही अशीच गुंगी आणतात, कारण ती मेंदूत शिरतात. अमेरिकेतील आयोवा येथे कृत्रिम वाहनचालन यंत्रावर केलेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डायफेनहायड्रामिन हे असेच एक जुने औषध घेतलेल्या चालकांची कामगिरी मद्य घेतलेल्यांपेक्षाही वाईट ठरली, आणि आपल्याला किती झोप येते आहे याविषयीचा त्यांचा अंदाज प्रत्यक्ष चालवण्यातील बिघाडाशी फारसा जुळला नाही. गांजाच्या नशेतही गाडी सरळ ठेवणे अवघड जाते आणि प्रतिसाद मंदावतो. मद्याबरोबर गांजा घेतला, तर धोका आणखी वाढतो.

तरुणांच्या बाबतीत या सर्वाला आणखी एक पदर आहे. परिणामांचा विचार करून आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्याचा खेळ काही जणांना एकट्याने, तर काहींना मित्रांसमोर खेळायला दिला होता. मित्र समोर असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी अधिक जोखीम पत्करली, प्रौढांवर मात्र मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. त्यात अनुभवाची कमतरता असते. मुरलेल्या चालकाचे हातपाय सवयीने हलतात, नवशिक्याला प्रत्येक हालचालीसाठी लक्ष खर्चावे लागते आणि नशा नेमके तेच लक्ष हिरावून घेते. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली आणि सुरुवातीच्या काळात रात्री गाडी चालवण्यावर व सोबतीला माणसे घेण्यावर बंधने घातली, त्यामागे हाच विचार होता. आज जगभर ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. ते पाहता अशी बंधने मला जाचक वाटत नाहीत.

तेव्हा निर्णय घ्यायचा तो डोके ठिकाणावर असताना. परत कसे यायचे, हे घरातून निघतानाच ठरवावे, आणि पिण्याची शक्यता असेल तर गाडी न्यायचीच नाही, कारण किल्ली खिशात असली की वाद घालायला जागा उरते. औषध घेताना त्याने झोप येते का, हे औषधविक्रेत्याला विचारावे. पेंग येऊ लागली तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून पुढे जाण्याऐवजी गाडी सुरक्षित जागी थांबवून वीसेक मिनिटे झोप काढावी. सीटबेल्ट किंवा हेल्मेट गाडी सुरू करण्याआधीच अंगावर असावे, आणि फोन हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा. घरच्यांनीही एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: ‘रात्री कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येतो, काय बोलायचे ते उद्या बोलू.’ असे सांगून ठेवलेले असले, की तो फोन करायला फारशी विचारशक्ती लागत नाही, आणि त्या क्षणी ती उरलेलीही थोडीच असते.