एकाच धावपटूचा एक पाय स्पष्ट, दुसरा पुसट

धावण्याच्या शर्यतीचा एखादा फोटो मोठा करून नीट पाहा. शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारी झडप, १/५०० सेकंदाच्या आसपास उघडं ठेवलेलं असेल तर जमिनीवर टेकलेल्या बुटाची लेससुद्धा स्वच्छ दिसते. त्याच धावपटूचा मागून पुढे येणारा दुसरा बूट मात्र पुसट, फराटा ओढल्यासारखा. चेहरा या दोन्हींच्या मधला, बऱ्यापैकी स्पष्ट. कॅमेरा एक, शटर एक, माणूसही एकच. मग हा दुजाभाव का?

कारण धावणाऱ्या माणसाचा वेग एक नसतोच. त्याचं धड सेकंदाला १० मीटर (म्हणजे ताशी ३६ किलोमीटर) वेगाने पुढे जात असलं, तरी टेकलेलं पाऊल घसरत नाही तोवर जमिनीसोबतच राहतं. त्याचा वेग त्या क्षणी जवळजवळ शून्य. ही उधारी दुसऱ्या पायाला फेडावी लागते आणि तो धडाच्या सुमारे दुप्पट वेगाने पुढे फेकला जातो. सायकलच्या चाकाचंही तेच आहे. रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, तर सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगात असतो. सायकल शर्यतीच्या फोटोत चाकाच्या खालच्या आऱ्या मोजता येतात आणि वरच्या एकमेकींत मिसळतात, ते यामुळेच.

म्हणूनच ‘खेळाच्या फोटोला शटर स्पीड किती ठेवायचा?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. आधी ठरवायला हवं की थांबवायचं काय आहे: धड, पाय, बॅट की चेंडू? पुढचा हिशोब शाळेतलाच आहे. सेकंदाला १० मीटर जाणारं धड १/१००० सेकंदात १ सेंटिमीटर सरकतं. ताशी १४४ किलोमीटर वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडू तेवढ्याच वेळात ४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त. फोटोत तो लांबट दिसणारच. १/४००० ठेवलं तर सरकणं १ सेंटिमीटरवर येतं आणि चेंडू गोल वाटू लागतो.

अर्थात फोटोत किती पुसटपणा दिसेल हे अंतरावर आणि लेन्सवरही ठरतं. ४० मीटरवरचा खेळाडू ४०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) शंभरपट लहान होऊन उमटतो. म्हणजे धडाचं १ सेंटिमीटर सरकणं तिथे ०.१ मिलिमीटर होतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ × २४ मिमीच्या) सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो, तेव्हा हा सोळा-सतरा पिक्सेलचा फराटा झाला. मोबाइलवर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मोठा प्रिंट काढला की लगेच कळेल.

धावपटू आडवा जाण्याऐवजी सरळ आपल्याकडे येत असेल तर हा फराटा बराच कमी होतो, कारण सेन्सरवरची त्याची प्रतिमा आडवी सरकत नाही, फक्त हळूहळू मोठी होते. म्हणून शेवटच्या रेषेच्या पलीकडे, धावपट्टीच्या टोकाला बसणं ही युक्ती कुठल्याही महागड्या कॅमेरा बॉडीपेक्षा स्वस्त पडते. मात्र तिथे दुसरं संकट उभं राहतं, ते फोकसचं. ४०० मिमी लेन्स एफ २.८ वर उघडी ठेवून (हा एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) २० मीटरवर फोकस केला, तर सुमारे ४२ सेंटिमीटर खोलीतलंच काय ते धारदार येतं. सेकंदाला १० मीटरने धावणारा माणूस ही खोली १/२४ सेकंदात ओलांडतो. कॅमेऱ्याने अंतर मोजून, लेन्स हलवून, शटर उघडेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे सतत फोकस ठेवण्याच्या मोडमध्ये कॅमेरा नुसतं मोजत नाही, भाकीत करतो. आधीच्या काही मोजमापांवरून तो खेळाडूचा वेग काढतो आणि शटर उघडेल तेव्हा खेळाडू कुठे असेल तिथे लेन्स आधीच नेऊन ठेवतो. भाकीत करायचं तर आधीची मोजमापं हवीत. खेळाडू हवा त्या जागी आल्यावर बटण दाबणाऱ्याला कॅमेरा ती कुठून देणार? फोकस थोडा आधीपासून त्याच्यावर लावून ठेवावा लागतो.

उडीच्या बाबतीत मात्र निसर्गच आपल्याला सवलत देतो. शरीर १ मीटर उंच उचललं गेलं तर हवेतला एकूण वेळ सुमारे ०.९ सेकंद असतो, आणि त्यातला निम्मा वेळ ते सगळ्यात वरच्या २५ सेंटिमीटरमध्येच असतं. वर जाताना वेग कमी कमी होत शून्यावर येतो आणि मग खाली येताना वाढतो, त्याचा हा परिणाम. बास्केटबॉलचा खेळाडू हवेत ‘लटकल्यासारखा’ वाटतो तो काही चमत्कार नाही. त्या शिखरापाशी उभा वेग जवळपास संपलेला असतो आणि आडवाच काय तो उरतो, त्यामुळे तिथे १/५०० वरही अंग स्वच्छ येऊ शकतं. हात मात्र त्या वेळी जोरात फिरत असेल, तर तो पुसट येणारच.

वेगवान शटरची किंमत प्रकाशात मोजावी लागते. शटर १/५०० वरून १/२००० वर नेलं की सेन्सरला चौथाई प्रकाश मिळतो. भर उन्हात त्याचं काही वाटत नाही. आयएसओ (चित्र किती उजळ करायचं ते ठरवणारा आकडा) १०० आणि एफ २.८ वर १/३२०० सहज मिळतो, आणि एफ ५.६ ची साधी झूम लेन्स असली तरी आयएसओ ४०० करून तेच साधतं. बंदिस्त हॉलमध्ये मात्र प्रकाश उन्हाच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी असतो. मैदानाकडेला दिसणाऱ्या त्या अगडबंब लेन्सचं कोडं इथे सुटतं. ४०० मिमी लेन्सला एफ २.८ व्हायचं तर ४०० भागिले २.८, म्हणजे सुमारे १४३ मिलिमीटर व्यासाचं तोंड लागतंच. कुठलीही कंपनी या भागाकारातून सुटका करून देऊ शकत नाही.

मग आयएसओ वाढवावा का? बिनधास्त. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आयएसओच्या बटणातून येतो ही समजूत फार पसरली आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात, पावसाच्या थेंबांसारखा तुटक पडतो. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर त्या संख्येतला चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. हे दाणे कमी प्रकाशाचे आहेत, आयएसओ फक्त चित्र उजळ करून ते डोळ्यांसमोर आणतो. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेचसे पुसता येतात. पुसट आलेला चेहरा पुन्हा घडवता येत नाही, म्हणून मी शटर सोडत नाही आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ देतो.

हॉलमध्ये आणखी एक त्रास असतो, दिव्यांच्या लुकलुकण्याचा. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा, तर ६० हर्ट्झवरचे १२० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/१००० चं शटर त्या चक्राचा लहानसा तुकडाच टिपतं. मग पाठोपाठच्या फोटोंपैकी एक उजळ, एक काळवंडलेला, एक पिवळट असा प्रकार होतो. अनेक कॅमेऱ्यांत असलेली अँटी-फ्लिकरची सोय दिवा सर्वांत तेजस्वी होण्याची वाट पाहून मगच शटर सोडते.

आणि ज्याला आपण ‘एक क्षण’ म्हणतो, तोही एक नसतो. पडद्याच्या शटरमध्ये १/४००० म्हणजे सगळा सेन्सर एकदम तेवढा वेळ उघडणं नव्हे. एक अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते आणि तिला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला १/२५० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिग या फोटोग्राफरने शर्यतीच्या मोटारीचा एक फोटो कॅमेरा फिरवत काढला होता. त्यात चाकं लंबगोल होऊन पुढे झुकली आहेत आणि प्रेक्षक उलट्या बाजूला कलले आहेत. ही सगळी त्या फटीची करामत. साध्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकेक करून वाचायला १/३० सेकंदसुद्धा लागू शकतो, आणि मग गोल्फची सरळ काठी धनुष्यासारखी वाकलेली येते. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अल्फा ९ थ्री या कॅमेऱ्यामध्ये सगळे पिक्सेल एकाच वेळी टिपले जातात, त्यामुळे वाकणं संपलं. पण प्रत्येक पिक्सेलशेजारी विद्युतभार साठवायला जागा द्यावी लागते, आणि त्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ १०० ऐवजी २५० पासून सुरू होतो.

शर्यतीत कोण आधी पोचलं ते ठरवणारा फोटो फिनिशचा कॅमेरा तर ओळीओळीने टिपण्याच्या याच दोषाचा उपयोग करून घेतो. तो फक्त अंतिम रेषा पाहतो, एक उभी पट्टी, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडत जातो. त्या चित्रात डावी-उजवी दिशा म्हणजे अंतर नसून वेळ असतो. एखाद्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं तर ते तिथे रेंगाळतं आणि त्याचा बूट विचित्र लांबलचक येतो. निकाल धड पाहून लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत नोआ लाइल्सची वेळ ९.७८४ आणि किशेन थॉम्पसनची ९.७८९ सेकंद अशीच ठरली.

राहता राहिली खरेदी. पैसे आधी लेन्सवर घाला. बॉडी दोन पिढ्या जुनी चालेल, पण एफ ५.६ ची लेन्स हॉलमध्ये एफ २.८ होणार नाही. नंतर फोकसचा माग घेण्याची क्षमता पाहा. सेकंदाला किती फोटो, हा जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा मी शेवटी पाहतो. बॅट आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम १ मिलिसेकंद टिकतो. सेकंदाला २० फोटो काढले तर दोन फोटोंमध्ये ५० मिलिसेकंद जातात, म्हणजे तो स्पर्श हाती लागण्याची शक्यता पन्नासात एक. १२० फोटो काढले तरी ती आठात एकच आहे, आणि प्रत्येक फटक्यामागे चाळायला शेकडो फोटो उरतात.