अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षेनंतर: विद्यार्थी, तंत्रज्ञान आणि ताणाची पार्श्वभूमी

परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि निकालाचे दिवस आले की महाविद्यालयांत एकच तक्रार ऐकू येते: पोर्टल चालत नाही, मुलं घाबरली आहेत. त्यावर उपायही ठरलेलाच असतो. एखादी कार्यशाळा घ्यायची आणि कुठलं बटण कधी दाबायचं ते मुलांना दाखवायचं. ज्याला ताण येतो त्याला ते येत नसणार, हे यात गृहीत धरलेलं असतं. या समजुतीचं मूळ दोन-अडीच दशकं मागे जातं.

2001 मध्ये एमएससीआयटी ही राज्यातली संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली, तेव्हा ही समजूत बरोबर होती. तालुक्याच्या गावी पदवीला असलेल्या कित्येकांनी तोवर माउस हातात धरला नव्हता. आपल्या हातून काही बिघडलं तर, ही धास्ती खरी होती. मराठीतून शिकवणारे वर्ग बाजारपेठेत निघाले, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्राची अट आली आणि काही महिन्यांच्या सरावाने ती धास्ती गेलीही. राज्याने संगणक साक्षरतेत केलेलं ते मोलाचं काम होतं.

अभ्यासकही त्याच दिशेने विचार करत होते. संगणकामुळे येणाऱ्या मानसिक ताणावर 1984 मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं आणि त्या ताणाला स्वतंत्र नाव मिळालं. 1995 मध्ये कॅनडात नोकरदारांचा संगणकाबाबतचा आत्मविश्वास मोजणारी दहा प्रश्नांची एक मापनपट्टी तयार झाली. पुढे विद्यार्थ्यांवरच्या असंख्य पाहण्यांत तीच वापरली गेली. तिचे प्रश्न नीट पाहण्यासारखे आहेत. सांगायला कुणी जवळ नसेल तर हे काम जमेल का? फक्त माहितीपुस्तिका हाताशी असेल तर? आधी कुणी करून दाखवलं तर? भरपूर वेळ मिळाला तर? दहाही प्रश्न माणसाला येतं का, एवढंच विचारतात. मध्येच वीज गेली, सर्व्हर बसला, भरलेलं उत्तर जतनच झालं नाही तर काय, हे त्यांत कुठेही नाही. नव्वदच्या दशकात, कार्यालयातल्या टेबलावरच्या संगणकासाठी ते चाललं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या अंतिम वर्षाच्या मुलांपुढे जी ऑनलाइन परीक्षा आली, तिला ही पट्टी लावता येत नाही.

त्या परीक्षेआधीचा वाद अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. केंद्रीय यंत्रणेने 6 जुलैला नव्या सूचना काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घ्यायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या मुलांना उत्तीर्ण करण्याचा अधिकार राज्यांना नाही, हवी तर मुदत वाढवून मागा, असा निकाल 28 ऑगस्टला लागला. सगळी चर्चा परीक्षा हव्यात की नकोत याभोवतीच फिरली. त्या घ्यायच्या कशा, हा प्रश्न त्यानंतर काही आठवड्यांत, घाईघाईने सोडवला गेला. खरं नुकसान इथे झालं, असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं दीर्घोत्तरी पेपर लिहिलेल्या मुलांना शेवटच्या सत्रात बहुपर्यायी प्रश्न, तेही घरून आणि बहुतेकांना मोबाइलवर सोडवायचे होते.

घरची परिस्थिती काय होती, याचे आकडे सरकारच्याच पाहणीत होते. 2017-18 मध्ये देशात ग्रामीण भागातल्या 4.4 टक्के घरांत संगणक होता आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय. शहरांत हेच प्रमाण 23.4 आणि 42 टक्के. सिंधुदुर्गात रेंज मिळते म्हणून डोंगरावर खोपी घालून अभ्यास केल्याची बातमी तेव्हा कौतुकाने छापून आली. तशी वेळच का यावी, हे फार थोड्यांनी विचारलं.

प्रत्यक्ष परीक्षेत लॉगिन होईना, ओटीपी येईना, प्रश्नातली आकृतीच दिसेना. मोबाइलवर पेपर चालू असताना कुणाचा फोन आला की परीक्षेचं पान मागे पडायचं. सबमिट दाबल्यावर गोल फिरत राहायचं आणि पेपर पोहोचला की नाही हे कळायचं नाही. म्हणून मुलं दर काही प्रश्नांनंतर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवायची. अडचण आली होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावरच होती. तक्रारीचा फॉर्मही ऑनलाइनच. राज्यात एका ठिकाणी दूरशिक्षणाच्या परीक्षा सायबर हल्ल्याचं कारण देऊन पुढे ढकलाव्या लागल्या. तांत्रिक अडचण आलेल्यांना फेरपरीक्षा मिळाली हे खरं, पण ती मिळणार का, या काळजीत गेलेले दिवस कुठल्या पाहणीत मोजले गेले?

2021 मध्ये कॅमेऱ्याची देखरेख आली. चेहरा चौकटीबाहेर गेला की इशारा, दुसरी विंडो उघडली की इशारा. एका खोलीच्या घरात पाठीमागून आई गेली तरी मुलाच्या छातीत धस्स व्हायचं. गैरप्रकार रोखायलाच हवेत, यात वाद नाही. पण याच मुलांना वापर नीट येत होता. त्यांना यंत्रणेचा भरवसा नव्हता.

2022 मध्ये चित्र फिरलं. परीक्षा पुन्हा वर्गात घ्यायचं ठरलं तेव्हा अनेक विद्यार्थी ऑनलाइनच हवी म्हणून आंदोलनाला उतरले. त्यांना सोपं हवंय, अशी टीका झाली आणि तिच्यात थोडं तथ्यही होतं. पण दोन वर्षं हाताने सलग लिहायची सवय मोडली होती, हेही तितकंच खरं. त्यामुळेच लेखी पेपरला तासामागे 15 मिनिटं जादा देण्याचा निर्णय झाला.

त्याआधी, 2017 मध्ये, राज्यातल्या सर्वात जुन्या विद्यापीठात उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा प्रयोग असाच घाईत झाला आणि निकाल रखडले. तेव्हा विद्यार्थ्याने कुठलंही बटण दाबलं नव्हतं, तरी पुढचे प्रवेश हुकण्याची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर होती.

आज परीक्षा बहुतांशी वर्गात होतात, बाकी सगळं पोर्टलवर: प्रवेश, पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक जमा होणारं क्रेडिटचं खातं, शिष्यवृत्ती, फेरतपासणी. दिवसभर मोबाइल हाताळणारा, रील कापून जोडणारा, यूपीआयने पैसे देणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र कॅफेवाल्याकडून पैसे मोजून भरून घेतो. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तर अर्ज अडकतो, आणि तो कुठे अडकला हे पडद्यावर दिसत नाही. कॅफेवाल्याला ते ठाऊक असतं. कार्यशाळेत ते कुणी सांगत नाही.